रिग्रेशनचे अवशेष स्थिर आहेत का? लासलगावच्या कांदाभावांच्या निमित्ताने

प्रश्न : मी कृषी अर्थशास्त्राची पदव्युत्तर विद्यार्थिनी आहे. लासलगाव बाजार समिती आणि दिल्लीची आझादपूर मंडी येथील कांद्याच्या सर्वसाधारण दरांचे जानेवारी २०१३ ते डिसेंबर २०२४ या १४४ महिन्यांचे मासिक आकडे मी जमवले. दोन्ही दरांचे लॉग घेतले, लासलगावचा दर डावीकडे आणि आझादपूरचा उजवीकडे ठेवून रिग्रेशन केले आणि त्याचे अवशेष (प्रत्यक्ष दर आणि रिग्रेशनने काढलेला दर यांतील फरक) स्थिर आहेत का, हे 'आर' या सॉफ्टवेअरमध्ये तपासले. 'टीसीरीज' पॅकेजमधील 'एडीएफ डॉट टेस्ट' ही आज्ञा सांगते की युनिट रूट, म्हणजे श्रेणी ठरावीक पातळीकडे न परतता भटकत राहण्याचा गुण, नाकारता येत नाही. 'यूआरसीए' पॅकेजमधील 'यूआर डॉट डीएफ' ही आज्ञा मात्र १ टक्का पातळीवरही ते नाकारते. अवशेष तेच आहेत, चाचणीचे नावही तेच आहे. प्रबंधात कोणता निकाल लिहावा?
— एक विद्यार्थिनी, राहुरी

उत्तर : दोन्हींपैकी कोणताही निकाल जसाच्या तसा लिहू नका. दोन्ही आज्ञांनी आपापले गणित बरोबर केले आहे. मात्र आपल्यापुढे ठेवलेली श्रेणी म्हणजे एका रिग्रेशनचे अवशेष आहेत, हे त्यांपैकी एकीलाही ठाऊक नाही, आणि निकालाचा अर्थ नेमका याच गोष्टीवर ठरतो.

ही तपासणी मुळात करावी का लागते, ते आधी पाहू. काळाबरोबर भटकत जाणाऱ्या दोन श्रेणींचा परस्परांशी काडीचाही संबंध नसला, तरी त्यांच्यात भक्कम संबंध असल्याचा भास होऊ शकतो. ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ जी. उडनी यूल यांनी १९२६ मध्ये इंग्लंडमधील एक उदाहरण मांडले होते. १८६६ ते १९११ या काळातील एकूण विवाहांपैकी चर्च ऑफ इंग्लंडमध्ये झालेल्या विवाहांचे प्रमाण आणि त्याच काळातील मृत्युदर यांचा सहसंबंध ०.९५ इतका निघत होता. पुढे १९७४ मध्ये क्लाइव्ह ग्रेंजर आणि पॉल न्यूबोल्ड यांनी संगणकावर परस्परांशी संबंध नसलेल्या यादृच्छिक भ्रमणाच्या (प्रत्येक पाऊल योगायोगाने पडणाऱ्या श्रेणींच्या) जोड्या तयार केल्या आणि प्रत्येक जोडीचे रिग्रेशन केले. नेहमीच्या टी-चाचणीने त्यांतील सुमारे तीन-चतुर्थांश जोड्यांत 'सार्थक' संबंध दाखवला. अशा खोट्या रिग्रेशनमध्ये अवशेषही भटकतच राहतात. याउलट दोन दर खरोखरच एकमेकांना बांधलेले असतील, तर प्रत्येक दर कितीही वरखाली झाला, तरी त्यांच्यातील अंतर फिरून आपल्या जागी येते, म्हणजेच अवशेष स्थिर असतात. रॉबर्ट एंगल आणि ग्रेंजर यांनी १९८७ मध्ये मांडलेल्या को-इंटिग्रेशनच्या, म्हणजे भटकत्या श्रेणी अशा बांधलेल्या असण्याच्या, द्विपायरी चाचणीचा (पहिली पायरी रिग्रेशन, दुसरी त्याच्या अवशेषांची तपासणी) गाभा हाच आहे, आणि तुम्ही नकळत तीच चाचणी करत आहात.

अडचण दुसऱ्या पायरीवर येते. एडीएफ म्हणजे डिकी आणि फुलर यांच्या युनिट रूट चाचणीचे विस्तारित रूप. त्या दोघांची तालिका अशा श्रेणीसाठी बनली आहे, जी आपल्याला थेट मोजायला मिळते. अवशेष थेट मिळत नाहीत, ते आपण घडवतो. लघुतम वर्ग पद्धत असा गुणांक निवडते, की अवशेषांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी व्हावी. म्हणजे जितके शांत दिसू शकतील, तितके शांत अवशेष ती मुद्दाम शोधून काढते. अंगाच्या मापाने बेतलेला सदरा अंगाला नीट बसला, यावरून तो तयार कपड्यांच्या दुकानातही नेमका आपल्याच मापाचा मिळाला असता, असे कोणी म्हणत नाही. म्हणून अवशेषांसाठी निर्णायक मूल्य (चाचणीचा आकडा ज्याच्या खाली गेला की युनिट रूट नाकारतात) अधिक कडक, म्हणजे शून्यापासून आणखी दूर असावे लागते.

किती दूर, हे आकड्यांतच पाहणे बरे. मोठ्या नमुन्यासाठी, स्थिरांक आणि कल या दोन्हींशिवाय केलेल्या साध्या डिकी-फुलर चाचणीचे ५ टक्के पातळीचे मूल्य −१.९५ च्या आसपास आहे, आणि स्थिरांक घेतल्यास ते −२.८६ होते. पहिल्या पायरीत स्थिरांक आणि एकच स्पष्टीकारक (उजवीकडचे) चल असेल, तर अवशेषांसाठी तेच मूल्य −३.३४ आहे, आणि दोन स्पष्टीकारक चले असतील तर −३.७४. ही मूल्ये जेम्स मॅकिनन यांच्या गणनेतून आली आहेत. नमुन्याच्या आकारानुसार दुरुस्ती करण्याचे सूत्रही त्यांनी दिले असून त्याप्रमाणे १४४ निरीक्षणांसाठी ५ टक्क्यांचे मूल्य −३.३८ च्या जवळ येते.

आता समजा, अवशेषांवरील चाचणीचा आकडा −२.९ आला. 'यूआर डॉट डीएफ' या आज्ञेला काहीच सांगितले नाही, तर ती 'नन' म्हणजे स्थिरांक नाही आणि कलही नाही असा पर्याय आपणहून घेते आणि शेजारी −२.५८, −१.९५ आणि −१.६२ ही मूल्ये छापते. ते पाहून कोणीही १ टक्का पातळीवर युनिट रूट नाकारेल. मॅकिनन यांच्या अवशेषांसाठीच्या गणनेनुसार मात्र याच −२.९ चे पी-मूल्य (युनिट रूट खरोखर असताना आकडा इतका किंवा याहून खाली येण्याची शक्यता) सुमारे ०.१४ आहे. दोन निष्कर्षांत जमीन-अस्मानाचा फरक पडला, आणि आकडा एका दशांशानेही बदललेला नाही! परस्परांशी संबंध नसलेल्या श्रेणींच्या अवशेषांवर −१.९५ ही कसोटी लावली, तर शंभरांत पाच वेळा व्हायला हवी ती चूक निम्म्याहून अधिक वेळा होते, −२.८६ लावली तरी सुमारे पंधरा वेळा होते. माझ्या मते को-इंटिग्रेशनवरील प्रबंध तपासताना पहिली नजर या जागी जायला हवी.

'एडीएफ डॉट टेस्ट'चा निकाल वेगळा का आला, याचे उत्तर तिच्या घडणीत आहे. ही आज्ञा चाचणीच्या समीकरणात स्थिरांक आणि रेषीय कल दोन्ही घालते आणि ते काढून टाकण्याची सोय देत नाही. लॅगची (समीकरणात घेतलेल्या मागच्या महिन्यांच्या बदलांची) संख्याही ती निरीक्षणांच्या घनमुळावरून ठरवते, जी तुमच्या १४४ महिन्यांसाठी ५ येते. 'यूआर डॉट डीएफ' मात्र न सांगता एकच लॅग घेते. म्हणजे तुम्ही एकाच नावाच्या दोन वेगळ्या चाचण्या केल्या होत्या. पहिल्या पायरीत स्थिरांक असल्यामुळे अवशेषांची सरासरी आपोआप शून्य असते. दुसऱ्या पायरीत पुन्हा स्थिरांक घालण्याची गरज नाही, आणि कल तर मुळीच घालू नये. कल हवा असेल तर तो पहिल्या पायरीत घालावा आणि निर्णायक मूल्यही त्या मांडणीचे घ्यावे. एका स्पष्टीकारक चलासाठी ते ५ टक्के पातळीवर −३.७८ आहे. तेव्हा 'नन' हा पर्याय योग्यच होता, फक्त त्याच्याशेजारी छापलेली तालिका तुमच्या कामाची नव्हती.

सोपा मार्ग म्हणजे या कामासाठीच बनवलेली आज्ञा वापरणे. 'टीसीरीज'मध्येच 'पीओ डॉट टेस्ट' आहे. ती फिलिप्स आणि ऊलियारिस यांची १९९० ची चाचणी करते, तिला अवशेष न देता मूळ श्रेणी द्यायच्या असतात आणि पहिला स्तंभ ती डावीकडचा चल मानते. तिच्या तालिकेत पी-मूल्ये ०.०१ ते ०.१५ एवढीच आहेत; म्हणून सूचनेसह ०.१५ छापून आले, तर ते 'इतके किंवा याहून मोठे' असे वाचावे. पायथन वापरणाऱ्यांनी 'स्टॅट्समॉडेल्स'मधील 'को-इंट' हे फंक्शन घ्यावे, अवशेषांवर 'एडीफुलर' चालवू नये. कारण ते आपणहून स्थिरांक धरते आणि साध्या श्रेणीचेच पी-मूल्य देते. स्टाटा या सॉफ्टवेअरच्या 'डीफुलर'चेही तेच: ती शून्य लॅग आणि स्थिरांक धरून चालते, अवशेष ओळखत नाही. तिथे वापरकर्त्यांनी लिहिलेली 'ईग्रेंजर' ही आज्ञा वेगळी बसवून घ्यावी लागते. विनामूल्य मिळणाऱ्या ग्रेटलमध्ये एंगल-ग्रेंजर चाचणी थेट मेनूत आहे आणि ती दोन्ही पायऱ्या स्क्रीनवर दाखवते, त्यामुळे शिकण्यासाठी मला ती सर्वांत चांगली वाटते. ईव्ह्यूज या सॉफ्टवेअरमध्ये एक सावधगिरी बाळगावी. तिथली 'रेसिड' नावाची श्रेणी प्रत्येक नव्या समीकरणानंतर पुसून नव्याने लिहिली जाते, म्हणून अवशेष आधी वेगळ्या नावाने साठवावेत. नाहीतर आपण भलत्याच समीकरणाचे अवशेष तपासत बसतो आणि ते लक्षातही येत नाही.

तथापि, या सर्वांच्या आधीचा एक प्रश्न तुमच्या पत्रात आलेला नाही. दोन्ही दर मुळात युनिट रूट असलेले आहेत का? कांद्याचा भाव चढतो तसा उतरतोही. खरीप कांदा ऑक्टोबरपासून, रांगडा जानेवारीपासून आणि उन्हाळी कांदा मार्चअखेरपासून बाजारात येतो. उन्हाळी कांदा चाळीत साठवला जातो आणि तो संपत आला की ऑगस्टनंतर भाव तापतो, नवी आवक सुरू झाली की पुन्हा खाली येतो. अशा श्रेणीची प्रत्येक लाट काही महिन्यांत ओसरते. तिला स्वतंत्रपणे तपासले, तर ती स्थिरच निघण्याची शक्यता खरी आहे. दोन्ही दर स्वतःच स्थिर असतील, तर अवशेष स्थिर निघण्यात नवल नाही आणि त्याला को-इंटिग्रेशन म्हणता येत नाही; तेव्हा साधे रिग्रेशन घ्यावे आणि अवशेषांतील सहसंबंध लक्षात घेऊन न्यूई-वेस्ट पद्धतीने प्रमाण त्रुटी काढाव्यात. एक दर स्थिर आणि दुसरा अस्थिर निघाला, तर या दोघांचे को-इंटिग्रेशन होऊच शकत नाही. दोहोंपैकी नेमके काय, हेच ठरत नसेल, तर पेसारन, शिन आणि स्मिथ यांची २००१ ची बाउंड्स चाचणी आहे. ती अशा संदिग्धतेसाठीच रचलेली आहे. प्रत्येक दराची स्वतंत्र चाचणी करताना स्थिरांक अवश्य ठेवा. क्विंटलच्या दराची सरासरी शून्य असण्याचा प्रश्नच येत नाही.

हंगामाचा विषय निघालाच आहे, तर मासिक दरांच्या पहिल्या पायरीत अकरा महिन्यांची सूचक चले (त्या महिन्यात १, एरवी ०) घालून पाहा. त्यांच्यामुळे निर्णायक मूल्ये मोठ्या नमुन्यात बदलत नाहीत, मात्र हंगामी चढउतार अवशेषांतून निघून जातो. लॅग ठरवताना कमाल मर्यादा श्वर्ट यांच्या नियमाप्रमाणे घेता येते, जी १४४ निरीक्षणांसाठी १३ येते. तिथून खाली एआयसी किंवा बीआयसी या निकषाने निवड करावी आणि निवडलेली संख्या प्रबंधात नोंदवावी. लॅग न नोंदवता दिलेला चाचणीचा आकडा वाचकाला पडताळता येत नाही.

गाळलेले महिने ही आणखी एक जागा आहे, जिथे निकाल गुपचूप बिघडतो. व्यापाऱ्यांचा बंद, सणांच्या सुट्ट्या, नोंदीच न होणे अशा कारणांनी बाजार समितीच्या आकड्यांत खंड पडतो. 'आर'मधील 'एलएम' ही आज्ञा अशा ओळी मुकाट्याने वगळते आणि उरलेले अवशेष एकापुढे एक लावून देते. मग फेब्रुवारी आणि मे शेजारी-शेजारी येतात आणि चाचणी त्यांना लागोपाठचे महिने समजते. अवशेषांची संख्या १४४ च आहे का, हे चाचणीपूर्वी मोजून पाहावे, आणि कमी असेल तर खंड कुठे पडले, ते शोधावे. स्टाटामध्ये 'टीएससेट' करून काल-चल नेमलेला असेल, तर निदान खंड खंडच राहतो.

शेवटी, डाव्या बाजूला आझादपूरचा दर ठेवूनही चाचणी करा. एंगल-ग्रेंजर पद्धतीत बाजू बदलल्या की आकडा बदलतो, आणि छोट्या नमुन्यात निष्कर्षही बदलू शकतो. दोन्ही निकाल छापावेत. 'यूआरसीए'मधील 'सीए डॉट पीओ' या आज्ञेतील 'पीझेड' प्रकाराला बाजू बदलल्याने फरक पडत नाही, म्हणून तोही जोडीला घेता येईल.

प्रश्न : याच विषयावर आमच्या गटात वाद झाला. एडीएफ चाचणीने अवशेष अस्थिर म्हटले आणि केपीएसएस चाचणीने स्थिर. दोहोंचे पी-मूल्य ०.०५ पेक्षा जास्त आहे. एक जण म्हणतो, सॉफ्टवेअरमध्ये दोष आहे.
— एक वाचक, पुणे

उत्तर : दोष नाही. दोन्ही चाचण्यांचे शून्य गृहीतक, म्हणजे ज्याविरुद्ध पुरावा शोधायचा ते सुरुवातीचे विधान, परस्परविरुद्ध आहे. एडीएफ अस्थिरता गृहीत धरून सुरुवात करते, तर १९९२ ची केपीएसएस स्थिरता गृहीत धरून. दोघींनाही आपापले गृहीतक नाकारता आले नाही, याचा अर्थ आकड्यांत निर्णय देण्याइतकी माहिती नाही, एवढाच होतो. 'नाकारता आले नाही' याला 'सिद्ध झाले' मानणे ही दोन्ही बाजूंची एकच चूक आहे.

राहुरीच्या पत्राच्या उत्तरातला मुद्दा इथेही लागू आहे. साध्या श्रेणीसाठी केपीएसएसचे ५ टक्क्यांचे मूल्य ०.४६३ आहे. अवशेषांवर हीच कल्पना वापरायची, तर शिन यांची १९९४ ची मूल्ये घ्यावी लागतात, आणि स्थिरांक व एक स्पष्टीकारक चल असताना ते ०.३१४ आहे. शिन यांच्या चाचणीत पहिली पायरीही साध्या लघुतम वर्ग पद्धतीने करायची नसते. स्पष्टीकारक चलाचे मागचे-पुढचे फरक त्यात घालावे लागतात. निरीक्षणे वाढवण्यासाठी मासिकाऐवजी दैनिक भाव घेण्याचा मोह होईल. पण अशा चाचण्यांची ताकद मुख्यतः कालखंडाच्या लांबीने वाढते, त्याच कालखंडाचे अधिक तुकडे केल्याने फारशी वाढत नाही. पाच वर्षांच्या दैनिक भावांपेक्षा वीस वर्षांचे मासिक भाव या कामी अधिक उपयोगी पडतात.

प्रश्न : केंद्र सरकारने कांद्याची निर्यात मध्येच बंद केली, त्या काळातले अवशेष एकदम एका बाजूला सरकलेले दिसतात. ते महिने वगळून चाचणी करावी का?
— एक वाचक, निफाड

उत्तर : वगळू नका, वगळले की पुन्हा तोच खंड तयार होतो. सप्टेंबर २०१९ च्या अखेरीस, सप्टेंबर २०२० मध्ये आणि डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी लागू झाली. शेवटची बंदी ४ मे २०२४ रोजी उठली, ती ५५० डॉलर प्रतिटन किमान निर्यातमूल्य आणि ४० टक्के शुल्क यांसह. लासलगावच्या भावामागे निर्यातीचा मोठा आधार असतो, आझादपूरच्या भावामागे तसा नसतो. त्यामुळे दोन्ही बाजारांतील अंतराची नेहमीची पातळीच बदलली असेल, तर दोन्ही बाजार बांधलेले असूनही एंगल-ग्रेंजर चाचणीला अवशेष भटकलेले वाटतात आणि ती चुकीचा कौल देते.

बंदीचा काळ ठाऊक आहे, म्हणून पहिल्या पायरीत त्यासाठी सूचक चल घालता येते. पण मग मॅकिनन यांची मूल्ये काटेकोरपणे लागू राहत नाहीत, याची नोंद करावी. एकदाच झालेल्या आणि टिकून राहिलेल्या बदलासाठी ग्रेगरी आणि हॅन्सेन यांची १९९६ ची चाचणी आहे. ती बदलाची तारीख आकड्यांतूनच शोधते, आणि शोधण्याच्या या मोकळीकीची किंमत कडक मूल्यांत वसूल करते: एक स्पष्टीकारक चल आणि केवळ पातळीतील बदल असेल, तर ५ टक्क्यांचे मूल्य −४.६१, आणि पातळीबरोबर उताराचा गुणांकही बदलत असेल, तर −४.९५. बंदी येते आणि उठते, हे लक्षात घेता कांद्यासाठी मी तरी बंदीच्या महिन्यांची सूचक चले घेऊन आणि न घेता, असे दोन्ही निकाल शेजारी-शेजारी देणे पसंत करीन. शेतकऱ्याच्या हातात पडणाऱ्या भावाबद्दल विधान करायचे असताना एवढे काम करणे मला आवश्यक वाटते.

प्रश्न : लुंग-बॉक्स चाचणीत माझ्या अवशेषांमध्ये सहसंबंध निघाला. म्हणजे ते अस्थिर आहेत, असे लिहिले तर चालेल का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : चालणार नाही. या महिन्याचा अवशेष मागच्या महिन्याच्या अवशेषाशी जुळत असूनही श्रेणी स्थिर असू शकते. को-इंटिग्रेशन असलेल्या दरांचे अवशेष बहुधा असेच असतात, कारण बिघडलेले अंतर एका महिन्यात भरून निघत नाही, ते हळूहळू भरते. लुंग-बॉक्स सहसंबंध आहे का, एवढेच विचारते; तो कधीतरी ओसरतो का, हे विचारत नाही. धोक्याची जुनी खूण मात्र उपयोगी आहे: आर-वर्ग (रिग्रेशन किती जुळले, त्याचे माप) हा डर्बिन-वॉटसन आकड्यापेक्षा (लागोपाठच्या अवशेषांतील सहसंबंधाचे माप) मोठा दिसला, की ग्रेंजर आणि न्यूबोल्ड यांच्या इशाऱ्याप्रमाणे रिग्रेशन खोटे असल्याचा संशय घ्यावा आणि मग रीतसर चाचणी करावी.

प्रश्न : मी दोनशे कांदा उत्पादकांची एकदाच पाहणी केली आहे. खर्चावरील रिग्रेशनच्या अवशेषांची स्थिरता तपासा, असे परीक्षकांनी सुचवले आहे.
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : तुमच्या आकड्यांना कालक्रम नाही. शेतकऱ्यांची यादी आडनावाप्रमाणे लावली काय किंवा गावाप्रमाणे लावली काय, रिग्रेशन तेच राहते, पण एडीएफचा आकडा प्रत्येक वेळी बदलेल. ही चाचणी इथे लागू नाही, असे कारणासह नम्रपणे लिहून द्यावे. परीक्षकांचा रोख बहुधा अवशेषांचे विचरण सर्वत्र सारखे आहे का, याकडे असावा; त्यासाठी ब्रूश-पेगन चाचणी करावी, आणि एकाच गावातील शेतकऱ्यांचे अवशेष परस्परांशी जुळत असतील, तर गावनिहाय गट धरून प्रमाण त्रुटी काढाव्यात.